कोरफड दारी असावी, वावरात विचाराने

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांच्या चौकटीवर कोरफडीचे एखादे झाड मुळे वर करून टांगलेले आढळते. घराला दृष्ट लागू नये, हा त्यामागील लोकांचा समज. कृषिशास्त्राच्या दृष्टीने पाहू जाता त्या टांगलेल्या झाडात निराळाच बोध आहे. त्याला माती नाही, पाणी नाही. तरीही ते महिनोन्‌महिने हिरवे राहते. हे दृश्य नित्य पाहणारा शेतकरी त्यावरून दोन अनुमाने काढतो. पहिले असे की, कोरफडीला पाणी लागत नाही. दुसरे असे की, ज्या झाडाला पाणी लागत नाही ते कोरडवाहू शेतकऱ्याला तारील. यांपैकी पहिले अनुमान अर्धे खरे आहे. दुसरे मात्र पुष्कळदा महागात पडते, आणि त्याची किंमत ज्याला परवडत नाही त्यालाच ती मोजावी लागते.

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाचा विचार करणे विशेष अगत्याचे आहे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा होता. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर विसंबलेल्या येथील शेतकऱ्याला नव्या पिकाची वाट दाखविणारा कोणीही आला की, त्याचे बोलणे गोड लागते. कोरफडीचे नाव अशा बोलण्यात वारंवार येते. म्हणून ही वनस्पती कोठे लावावी, कशी लावावी आणि कोठे लावू नये, याविषयी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधू-भगिनींनी आपले मत पक्के केले पाहिजे. या लेखाचा आग्रह थोडक्यात असा : कोरफड प्रत्येक घराच्या दारी, कुंडीत किंवा परसात असावी, परंतु ती एकराने लावण्याची घाई कोणी करू नये.

जगणे वेगळे, पिकणे वेगळे

कोरफड दुष्काळ सहन करते याचे कारण तिच्या श्वासोच्छ्वासाच्या रीतीत आहे. कापूस, तूर, ज्वारी इत्यादी पिके दिवसा आपली पर्णरंध्रे उघडतात आणि हवेतील कर्बवायू आत घेतात. ही रंध्रे उघडी असताना पानातील पाणी वाफेच्या रूपाने बाहेर जाते, आणि उन्हाच्या वेळी ते फार जाते. कोरफड याच्या उलट वागते. ती दिवसा रंध्रे मिटून घेते व रात्री, हवा थंड असताना, उघडते. रात्री घेतलेला कर्बवायू ती आम्लाच्या रूपाने साठविते आणि दिवसाच्या प्रकाशात त्याचे अन्न बनविते. शिवाय पानाची साल जाड व मेणचट असते, आणि आतील गरात पाण्याचा मोठा साठा असतो. ताज्या गरात सुमारे ९८ टक्के पाणीच असते. ही सर्व योजना जीव वाचविण्यासाठी निसर्गाने केली आहे.

परंतु जीव वाचविणे आणि उत्पन्न देणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. रंध्रे रात्रीच उघडत असल्यामुळे कोरडे पडलेले झाड अगदी सावकाश वाढते. पाणी तुटले की ते वाढ थांबविते, पाने बारीक व वाकडी करते, आणि पावसाची वाट पाहत बसते. ते मरत नाही. पण त्या काळात त्याचे वजनही वाढत नाही. पानाच्या वजनावर ज्याचा पैसा व्हावयाचा, त्या पिकाला पाणी द्यावेच लागते. ‘पाण्याविना येणारे पीक’ असे जे सांगितले जाते त्यात ‘येणारे’ हा शब्द सोडून तेथे ‘जगणारे’ हा शब्द घालावा, म्हणजे विधान खरे होईल.

वर्ध्याची माती आणि कोरफडीची प्रकृती

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वर्धा जिल्ह्यात कोरफड उन्हाने क्वचितच मरते. ती मरते ती पावसाळ्यात. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस साधारणतः हजार मिलिमीटरच्या आसपास असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या भागांतील खोल काळी माती हा पाऊस शोषून फुगते, तिच्यातील फटी मिटतात, आणि मुळांपाशी हवा खेळेनाशी होते. कपाशीसारख्या पिकासाठी अशी माती ओल साठविते म्हणून ती कापसाची माती ठरली. कोरफडीची मुळे उथळ व मांसल असतात. दोन-चार दिवस चिखलात राहिली तरी ती गुदमरतात, बुरशीला वाट मिळते, आणि झाडाचा बुंधा सडतो. वरून पान हिरवे दिसत असताना आत सडण सुरू झालेली असते. म्हणून शेतकऱ्याला रोग उशिरा कळतो. पुढे उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि जी मुळे उरली असतील तीही तुटतात.

राजस्थान व गुजरात या राज्यांत कोरफडीची शेती होते, मग येथे का होऊ नये, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर मातीत आणि पावसात आहे. पश्चिम राजस्थानातील जमीन वाळूची, आणि तेथील पाऊस वर्ध्याच्या निम्म्याहूनही कमी. तेथे पाणी मुळांपाशी थांबतच नाही. शिवाय तेथील घरांत कोरफडीच्या पानाची भाजी खाण्याचा प्रघात आहे. एका प्रदेशाचे पीक दुसऱ्या प्रदेशात आणताना केवळ दुष्काळ हा शब्द दोन्हीकडे समान आहे एवढे पाहून भागत नाही. तेथला दुष्काळ पाऊस न पडण्याचा आहे. येथला दुष्काळ बहुधा पावसाने वेळ चुकविण्याचा आहे. जुलैत शेत तुडुंब आणि एप्रिलमध्ये विहीर कोरडी, ही वर्ध्याची नित्याची कथा. कोरफडीला यातील एप्रिल सोसतो, जुलै सोसत नाही.

आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांतील उंचसखल भागात मात्र हलकी, मुरमाड जमीन बरीच आहे. अशा जमिनीत, उताराच्या बांधावर, कोरफड चांगली तग धरते. ज्यांना तिची लागवड करून पाहावयाची आहे त्यांनी प्रयोगास हीच जागा निवडावी.

एकराचा हिशेब

कोरफडीची रोपे दोन फूट बाय दोन फूट अंतराने लावली तर एका एकरात १०,८९० रोपे बसतात. एक रोप तीन रुपयांस मिळाले असे धरले, तरी केवळ बेण्याचाच खर्च ३२,६७० रुपये होतो. यात नांगरट, सरी-वरंबे, शेणखत, निंदण आणि मजुरी धरलेली नाही. पहिली पाने काढण्यास साधारणतः एक वर्ष थांबावे लागते. तोवर त्या एकरात तूर किंवा सोयाबीन नाही.

आता पुढील बाजू पाहू. एका झाडापासून एक किलो पाने मिळाली असे धरले तरी एकरी जवळजवळ ११ टन माल होतो. हा आकडा ऐकून मन हरखते. परंतु हा ११ टन माल म्हणजे बहुतांशी पाणी आहे. ते पाणी ट्रकात भरून दूरच्या कारखान्यात न्यावयाचे आणि भाडे मात्र पूर्ण मालाचे भरावयाचे. त्यातही तोडलेले पान टिकत नाही. तोडल्यापासून त्याचा गर बिघडू लागतो, म्हणून प्रक्रिया शक्य तितक्या लवकर व्हावी लागते. कापूस भाव पडला तर घरात भरून ठेवता येतो, तुरीची पोती थोपवून धरता येतात. कोरफडीच्या पानांचा ढीग थोपवून धरता येत नाही. खरेदीदाराने ऐन वेळी पाठ फिरविली तर शेतकऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. कापूस, तूर, सोयाबीन व हरभरा यांना सरकारी हमीभाव आहे. कोरफडीला तो नाही. बाजार समितीच्या आवारात तिचा रोजचा लिलावही नाही.

याच कारणाने ‘रोपे आमच्याकडून घ्या, पाने आम्हीच परत विकत घेऊ’ अशा बोलीवर सावध राहिले पाहिजे. जो रोप विकतो त्याचा नफा रोप विकतानाच होऊन गेलेला असतो. पाने घेण्यास तो एका वर्षाने येईल की नाही, हे त्याच्या इच्छेवर राहते. अशी बोली करणाऱ्यास शेतकऱ्याने पुढील पाच गोष्टी लेखी मागाव्यात : पानाचा दर, वजन कोठे व कोणत्या काट्यावर होणार, वाहतूक कोणाच्या खर्चाने, माल नाकारण्याची कारणे कोणती, आणि पैसे किती दिवसांत मिळणार. शिवाय त्याचा प्रक्रियेचा कारखाना कोठे आहे ते स्वतः जाऊन पाहावे आणि ज्यांनी त्यास पूर्वी माल घातला अशा दोन शेतकऱ्यांशी बोलावे. या प्रश्नांना जो सरळ उत्तर देतो त्याच्याशी व्यवहार करण्यास हरकत नाही. जो रागावतो किंवा ‘आजच नोंदणी करा’ म्हणून घाई करतो, त्याला आल्या वाटेने जाऊ द्यावे.

ज्या शेतकऱ्याची जमीन हलकी आहे, ज्याच्या जवळपास खात्रीचा खरेदीदार आहे आणि ज्याने दोन पावसाळे दहा-वीस झाडांवर अनुभव घेतला आहे, त्याने पुढे अवश्य पाऊल टाकावे. विरोध पिकाला नाही. उधारीच्या पैशावर, दुसऱ्याच्या शब्दावर आणि काळ्या मातीच्या एकरावर ते पीक लादण्याला आहे.

कुंडीतील कोरफड

दारची कोरफड ही याहून अगदी वेगळी बाब आहे. तिला एकर नको, कर्ज नको, खरेदीदारही नको. कुंडीत माती आपण निवडतो आणि पाऊस आला तर कुंडी उचलून छपरीत ठेवता येते. म्हणजे वर्ध्याच्या मातीचा व पावसाचा दोष एकाच वेळी टळतो. म्हणून या जिल्ह्यात, विशेषतः काळ्या मातीच्या गावांत, कोरफडीसाठी कुंडी ही शेतापेक्षा सरस जागा होय.

कुंडी विकत आणण्याची गरज नाही. गेल्या उन्हाळ्यात वापरून झालेला व आता पाणी गार न करणारा माठ, तळाला तडा गेलेला रांजण, गंजलेले घमेले, तेलाचा रिकामा डबा यांपैकी काहीही चालते. तोंड १० ते १२ इंच रुंद असावे. फार खोल भांडे नको, कारण मुळे उथळ असतात आणि तळाशी न वापरलेली ओल साठून राहते. मातीचे भांडे सर्वांत चांगले. त्याच्या अंगातून ओल बाहेर पडते. पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्याला तळाशी बोटभर रुंदीची तीन-चार छिद्रे पाडावीत. प्रत्येक छिद्रावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे माती वाहून न जाता पाणी निघून जाईल.

येथे एक सक्त सूचना आवश्यक आहे. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी तो कुंडी म्हणून वापरू नये. या झाडाचे पान माणसाच्या कातडीला लागते आणि कित्येकदा पोटातही जाते. कापसाच्या भागात विषारी औषधांचे डबे घरोघरी पडलेले असतात. त्यांचा असा पुनर्वापर अगदी सहज होतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, ही घटना विसरता येण्यासारखी नाही. विषाचा डबा घरात येऊच नये, हा नियम कोरफडीच्या निमित्ताने पाळला गेला तरी पुष्कळ झाले.

कुंडीत भरावयाचे मिश्रण येणेप्रमाणे करावे : दोन भाग माती, दोन भाग जाड रेती किंवा बारीक मुरूम, आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत. माती अगदी काळी व चिकट असेल तर तिचा एक भाग कमी करून विटांचा चुरा घालावा. मिश्रण बरोबर झाले की नाही याची परीक्षा सोपी आहे. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतावे. ते क्षणात मुरून थोड्याच वेळात तळाच्या छिद्रातून ठिबकू लागले तर मिश्रण योग्य. वर तळे साचून राहिले तर आणखी रेती घालावी.

लागवड पिल्लांपासून करावी. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी जी लहान रोपे फुटतात ती चार-सहा इंचांची झाली की, मुळांसह अलगद वेगळी करावीत. नुसते पान मातीत खोचले तर ते सहसा रुजत नाही, सडते. काढलेले पिल्लू लगेच लावू नये. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून त्याची जखम सुकू द्यावी. लावताना बुंध्याचा पांढरा भाग मातीत जाईल एवढेच खोल लावावे. पानांच्या बेचक्यात माती जाऊ नये. पहिले पाणी चार-पाच दिवसांनी द्यावे. वर्धा जिल्ह्यात या कामास दोन वेळा चांगल्या : पावसाचा जोर ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये, आणि थंडी सरताना फेब्रुवारीत.

पाणी केव्हा आणि किती

कोरफडीला पाणी घड्याळाने किंवा पंचांगाने देऊ नये. मातीला विचारून द्यावे. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. आत ओल लागली तर पाणी नको. पूर्ण कोरडे लागले तर तळातून निघेपर्यंत एकदा भरपूर पाणी द्यावे आणि पुन्हा कोरडे होईपर्यंत थांबावे. रोज थोडे थोडे पाणी शिंपडणे ही सर्वांत वाईट रीत. त्याने वरची माती ओली दिसते, मुळे मात्र कधी तृप्त होत नाहीत आणि कधी कोरडीही होत नाहीत. सर्वसाधारणपणे हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी पुरते. पावसाळ्यात कुंडी छपरीत असेल तर महिन्यातून एखादे वेळी पुरे. कुंडी वळचणीखाली मात्र ठेवू नये; छपराचे सारे पाणी एकाच जागी कोसळते.

न्हाणीच्या सांडपाण्यावर कोरफड लावण्याची चाल काही घरांत दिसते. ती सोडून द्यावी. तेथे ओल कायम राहते. त्या जागी अळू किंवा केळ लावावी आणि कोरफड कोरड्या बाजूस न्यावी.

जागा निवडताना घराची पूर्व बाजू पसंत करावी. सकाळचे ऊन झाडाला हवेच. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा दुपारनंतर सावली मिळाली तर पान भाजत नाही. टिनाच्या छपरावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर उन्हाळ्यात कुंडी ठेवू नये. खालून तापलेल्या भांड्यात मुळे शिजतात.

झाड आपली स्थिती पानांतून सांगते. पाने बारीक होऊन आत वळू लागली तर पाणी हवे. पाने तांबूस-तपकिरी झाली तर ऊन जास्त आहे; तो रोग नव्हे, सावलीत नेल्यावर रंग परत येतो. पाने पिवळी, मऊ व पारदर्शक झाली आणि बुंध्याशी वास येऊ लागला तर पाणी अधिक झाले आहे. अशा वेळी झाड उपटून सडलेला सर्व भाग कापून टाकावा, उरलेले चार-पाच दिवस सावलीत सुकवावे आणि नव्या कोरड्या मिश्रणात लावावे. पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसून काढावा; फवारणी करू नये. युरियाही घालू नये. त्याने पान फुगते, पण नरम होऊन लवकर सडते. वर्षातून दोनदा ओंजळभर शेणखत पुरेसे आहे.

कोरफड ओळखावी

बांधावर उभी असलेली प्रत्येक काटेरी, जाड पानांची वनस्पती कोरफड नसते. विदर्भात बांधांवर व रस्त्यांच्या कडेला घायपात सर्वत्र आढळते आणि अनोळखी माणूस तिलाच मोठी कोरफड समजतो. घायपाताचे पान ताठ असून टोकाला सुईसारखा कठीण काटा असतो. पान मोडले तर आत तंतू निघतात, आणि त्याचा रस कातडीला लागला तर आग होते. कोरफडीचे पान सहज वाकते, कडेचे दाते मऊ असतात, आणि कापल्यावर आत स्वच्छ गर दिसतो. दोर वळण्यास घायपात उत्तम आहे. भाजलेल्या जागी लावण्यास ती घातक ठरेल. हा फरक शाळेतील मुलांनाही दाखवून ठेवावा.

कोरफडीचे दाट कुंपण रोही व रानडुक्कर यांना अडविते, असेही काही ठिकाणी सांगितले जाते. त्यावर विसंबू नये. जनावरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत हे खरे. पण ती ओलांडून पिकात शिरण्यास त्यांना काहीच अडचण पडत नाही.

उपयोग आणि त्याच्या मर्यादा

संस्कृतात कुमारी वा घृतकुमारी या नावाने कोरफड आयुर्वेदात फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तिच्या पानात दोन वेगळे पदार्थ असतात, हे मात्र प्रत्येक गृहिणीने ध्यानात ठेवावे. सालीच्या लगत आतून पिवळा, कडू चीक असतो. तो वाळविला म्हणजे काळा बोळ होतो. मध्ये असतो तो स्वच्छ गर. गर सौम्य आहे. चीक तीव्र रेचक आहे. गर्भिणी, अंगावर पाजणारी माता आणि लहान मुले यांना हा चीक पोटात देऊ नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली हा चीक असलेली, वैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी रेचके बाजारातून दूर करावयास लावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सालीसकट संपूर्ण पानाच्या अर्काची गणना कर्करोगास कारण होण्याचा संभव असलेल्या पदार्थांत केली. साल व चीक न काढता सबंध पान वाटून रोज पिण्याची जी टूम निघाली आहे, ती यामुळे हितावह नाही.

वापरावयाचे असेल तेव्हा सर्वांत खालचे, बाहेरचे पान बुंध्यापासून कापावे. कापलेली बाजू खाली करून अर्धा तास उभे ठेवावे, म्हणजे चीक निथळून जाईल. मग धुऊन साल काढावी व गर पुन्हा धुवावा. चुलीवर हात थोडासा पोळला तर प्रथम वीस मिनिटे थंड पाण्याची धार धरावी. नंतर गर लावण्यास हरकत नाही. कातडी सोलली असेल, फोड मोठे असतील किंवा भाजणे तोंडावर अथवा बालकाच्या अंगावर असेल, तर कोरफडीत वेळ घालवू नये; प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मधुमेह किंवा रक्तदाब यांची चालू औषधे कोरफडीच्या भरवशावर बंद करणे हा तर जिवाशी खेळ होय. नव्याने वापरणाऱ्याने गर आधी कोपराच्या आतील बाजूस थोडा लावून एक दिवस पाहावे. काहींना त्याने खाज सुटते.

जवळचा उद्योग, जवळची गरज

१९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीतून त्याचे काम चालविले. जवळचा कच्चा माल, जवळचे हात आणि जवळची गरज यांची सांगड घालणे हा त्या कार्याचा गाभा होता. कोरफडीला हे सूत्र चपखल लागू पडते. दूरच्या कारखान्यासाठी ११ टन पाणी वाहण्यापेक्षा गावातील पन्नास घरांच्या कुंड्यांतून निघणाऱ्या पानांचे गावातच काय करता येईल, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था असून तेथे जैवप्रक्रिया व वनौषधी यांचा विभाग आहे. ज्या बचत गटांना साबण वा मलम करण्याची इच्छा आहे त्यांनी माल तयार करण्यापूर्वी तेथे जाऊन रीत शिकावी. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन करावयाचे तर परवाना लागतो आणि खाण्यापिण्याचा पदार्थ विकावयाचा तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. हेही आधीच समजून घ्यावे. लागवडीविषयी शंका असल्यास सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे.

कार्यकर्त्याने काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास. त्याने सांगितलेले पीक एका शेतात सडले तर नुकसान त्या शेतापुरते राहत नाही. पुढल्या हंगामात तो बीजप्रक्रिया सांगतो, बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावावयास सांगतो, आणि लोक मनात कोरफड आठवून मान डोलावतात व ऐकत नाहीत. चांगला सल्लाही मग वाया जातो. म्हणून जे त्याने स्वतः एक पावसाळा पार नेलेले नाही, ते त्याने दुसऱ्याच्या एकरात घालू नये.

रोपवाटपाच्या कार्यक्रमांतही एक दुरुस्ती अवश्य व्हावी. किती रोपे वाटली याचा आकडा वहीत चढतो; पुढील दिवाळीला त्यांतील किती जिवंत आहेत हे कोणी मोजत नाही. मोजावयाचे ते हेच. वाटपासाठी रोपे विकत घेण्याचेही कारण नाही. गावात एका कोरड्या, उंच जागी, शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या परसबागेत, दहा मातृझाडे नीट जपली तर त्यांच्या पिल्लांवर काही वर्षांत सारे गाव पुरे पडेल. ज्या घराने पिल्लू नेले त्याने पुढे दोन घरांना पिल्ले द्यावीत, एवढीच अट असावी. अशा रीतीने पसरलेली कोरफड सरकारच्या पैशाने आलेल्या कोरफडीपेक्षा अधिक टिकते, कारण देणारीला ती कशी जगली हे ठाऊक असते आणि घेणारी तिला शेजारून विचारू शकते.

या कामात घरातील स्त्रीला अग्रस्थान द्यावे. कुंडी तिच्या नजरेखाली असते, पोळलेला हातही बहुधा तिचाच असतो, आणि मूल कोणते पान तोंडात घालते हेही तीच पाहते. सभेत पुरुषांना माहिती देऊन घरी कुंडी जगत नाही.

तात्पर्य, येत्या ऑक्टोबरात प्रत्येक घराने दोन कुंड्या भराव्यात. ज्यांची जमीन मुरमाड आहे त्यांनी बांधावर दहा-वीस झाडे लावून दोन पावसाळे पाहावीत आणि वहीत नोंद ठेवावी : किती लावली, किती जगली, पाणी किती दिले, पाने किती निघाली. ही नोंद हातात असलेला शेतकरी रोपांच्या कोणत्याही व्यापाऱ्यासमोर ताठ मानेने बसेल आणि आपल्या एकराचा निर्णय आपल्या आकड्यांवर करील.